बाहीवरच्या दोन रेघा

लाँड्रीवाल्याने आपल्या सख्ख्या थोरल्या भावाला गोदामात डोक्यात वजन घालून मारलं, असा अख्ख्या पोलीस ठाण्याचा संशय होता. कडक इस्त्रीमुळे त्याला सगळे कडकशेठ म्हणत. फौजदारीणबाई भयंकर चिडल्या होत्या, पण त्याच्यावर नव्हे, आपल्याच ठाण्यावर. ज्यांना हरवलेली सायकल वर्षभर सापडत नाही त्यांना खुनी मात्र चहा संपायच्या आत सापडतो! आणि साहेब तर काय, चष्मा कपाळावर ठेवून चार शिपायांना तो शोधायला लावणारे.

"खून झाला त्या दुपारी तो दुकानात इस्त्री करत होता," बाईंनी ठणकावून सांगितलं. "माझा गणवेश मी स्वतः त्याच्या हातून घेतलाय. गरम होता."

"मग द्या तसा जबाब. संशयातून सुटेल बिचारा," म्हणत साहेब मिशीतल्या मिशीत हसले. बाई त्या लाँड्रीत जरा जास्तच कपडे टाकतात, हे शिपायांनाही ठाऊक होतं.

चाळिशीला आलेल्या बाईंना 'मॅडम'पलीकडे कोणी काही म्हटलं नव्हतं. कडकशेठने हळूच 'अगं' म्हटलं आणि बाई विरघळल्या. खुनानंतर तर त्याने लग्नाचंही काढलं. जबाब झाला की लगेच करू, म्हणाला.

जबाबाआधी सगळं पक्कं करावं म्हणून त्या दुकानात गेल्या. कडकशेठ गल्ल्यावर बसला होता. त्याची विधवा वहिनी मागच्या टेबलाशी शर्टांवर इस्त्री फिरवत होती. बाईंनी सहज एक शर्ट उचलला. बाहीवर एका रेघेशेजारी दुसरी रेघ उमटली होती.

बाईंनी बाही उजेडात धरली. त्या दुपारच्या गणवेशावर अश्शाच दोन रेघा होत्या. कडकशेठच्या हातून असं कधी झालं नव्हतं. आपण येणार म्हणून त्याचा हात थरथरला, असं बाई खुशाल धरून चालल्या होत्या आणि त्या रेघांवरून बोट फिरवत बसल्या होत्या. गाढव कुठली! त्यांनी मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत दिली.

"वहिनी, त्या दुपारी माझा गणवेश तुम्ही केलात?"

वहिनीने दिराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "भावजी म्हणाले, गोदामात जाऊन येतो, तोवर तुम्ही हात चालवा. मला कुठली सवय! तुम्ही यायच्या जरा आधी परतले. कुठे बोललात तर पोरांसकट घराबाहेर काढीन, म्हणाले."

कडकशेठ हसला. नेहमीसारखं गोड नाही.

"हिचं कोण ऐकतंय?" तो बाईंना म्हणाला. "आणि तू खरं सांगायला गेलीस, तर रेघा दिसूनही गप्प का बसलीस, तेही सांगावं लागेल. सगळे खिदळतील. तुला दुसरं कोण विचारणार आहे, अगं?"

बाईंना त्याची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची, कारण त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. त्यांनी त्याची कडक कॉलर मुठीत धरली आणि त्याला भर रस्त्यातून ठाण्यात नेलं.

जबाब घ्यायला साहेब जातीने बसले. शिपाई दारात गोळा झाले. बाईंनी काही राखून ठेवलं नाही.

"प्रेमाने त्याचा हात थरथरला असं मला वाटलं, हेही लिहा."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग साहेब, मग सगळेच. कोपऱ्यातला कडकशेठ सगळ्यांत मोठ्याने.

बाईंचे कान तापले, डोळे भरून आले. पण त्यांनी खुर्ची सोडली नाही.

"हसून घ्या," त्या म्हणाल्या. "मग पुढचं लिहा. वहिनी बाहेर थांबल्यात, त्यांचाही जबाब व्हायचाय."