आठ दगड काढलेली डोंगरवाट

मित्रांनो, पिंपळनेरच्या पश्चिमेला जो डोंगर दिसतो, त्याच्या माथ्यावर पंधरा-वीस घरांचा एक पाडा आहे. त्या पाड्यावरून खाली नाल्यापर्यंत उतरणारी जुनी वाट ती मी. मला कुणी मुद्दाम बांधले नाही. डोक्यावर मोहाची फुले आणि नागली घेऊन बाजाराला उतरणाऱ्या, मीठ-कापड घेऊन परत चढणाऱ्या पायांनी मला घडवले. जिथे चढ दमवायचा, तिथे माणसे आडवी वळत. अशी मला अकरा वळणे पडली.

पुढे डोंगराच्या पलीकडून डांबरी रस्ता झाला आणि जीप सुरू झाली. दोन वर्षांत माझ्या अंगावर घाणेरीची झुडपे माजली. पाड्यावरचे अभिमन आबा आणि त्यांची बायको बेबाबाई यांनी मात्र मला सोडले नाही. बेबाबाईला जीपमध्ये उलट्या होत, म्हणून ती चालतच बाजाराला जाई. तिचा पाय अडकू नये म्हणून आबा कोयत्याने घाणेरी छाटत.

एका हिवाळ्यात एक मुलगी जाड टायरांची सायकल खांद्यावर घेऊन मला चढून आली. तिचे नाव चेलना. बाजारपेठेतले भांड्यांचे दुकानदार लालचंद यांची ती मुलगी. नाशिकला शिकून ती नुकतीच परतली होती आणि दुकान सांभाळत होती. आबांनी तिला वाटेतच थांबवले.

"ताई, सायकल खांदावर लिसन कोठे चालनी? सायकलनी तुले लई जावाले पाहिजे ना?"

"वर नेते आबा. मग ती मला खाली आणेल," चेलना म्हणाली.

ती खरोखर उतरली. तीनदा पडली, कोपर सोलले, आणि पुढच्या रविवारी पुन्हा आली. येताना कुदळ घेऊन आली.

त्या दोघांनी दोन हिवाळे माझ्यावर काम केले. वळणे रुंद केली, सुटे गोटे वेचले. चेलनाला मी गुळगुळीत हवी होते. आबांना पावसाची काळजी होती. ते ठरावीक अंतरावर माझ्या अंगात आडवे दगड रोवत, थोडे तिरपे, म्हणजे वरून वाहत आलेले पाणी दगडाला अडून बाजूला दरीत उतरेल.

"पानीले जागा दे, ताई," ते म्हणत. "नहीते ते वाटच लई जाई."

असे बावीस दगड त्यांनी बसवले. त्या दोन पावसाळ्यांत माझी मूठभर मातीसुद्धा वाहून गेली नाही. मग धुळ्याहून, जळगावहून सायकलवाले येऊ लागले. बेबाबाई पाड्यावर त्यांच्यासाठी चहा ठेवी. ते माझे फोटो काढत, माझ्या वळणांचे कौतुक करत. खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडायचे.

त्यांच्यात धुळ्याचा नीलेश होता. स्वभावाने चांगला, पण सगळ्यात घाई. माझ्यावर सायकलींची शर्यत भरवायची, हे त्याच्या मनाने घेतले. दिवस ठरला, नावे आली. आदल्या दिवशी त्याने चेलनाबरोबर मला पाहिले आणि उंबराच्या वळणाच्या वरचा उताराचा भाग दाखवून म्हणाला, "इथे हे दगड फार जवळजवळ आहेत. सायकल उडते, वेग जातो. एवढे आठ काढू. शर्यत संपली की परत बसवू."

आबा तेव्हा धुळ्यात लेकीकडे होते. त्यांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि दुसऱ्याचे व्हायचे होते. बेबाबाई बाजारातून परत येत होती. पहारीचा आवाज ऐकून ती थांबली.

"हाई दगड त्यासनी लावेल शेतस," ती चेलनाला म्हणाली. "त्यासले इचारं का?"

चेलनाने नीलेशकडे पाहिले. मग म्हणाली, "दोनच दिवसांचा प्रश्न आहे मावशी. मी स्वतः परत बसवीन."

शर्यत छान झाली. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. आठ दगड मात्र माझ्या कडेला गवतात पडून राहिले. नीलेश आपल्या कामाला लागला. चेलना दर रविवारी त्या दगडांजवळून जाताना सायकलचा वेग कमी करी, त्यांच्याकडे पाही आणि पुढे जाई. लग्नसराईत दुकानात उसंत नव्हती. पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी, असे म्हणता म्हणता आषाढ आला.

आबा परत आले, पण डॉक्टरांनी त्यांना वाकायला आणि ओझे उचलायला मनाई केली होती. दगडांचे कळले तर ते तसेच कुदळ घेऊन उतरतील, या भीतीने बेबाबाईने घरी काही सांगितले नाही.

श्रावणात चार दिवस झड लागली. वरचे पाणी आता अडत नव्हते. ते थेट माझ्यावरून धावत उंबराच्या वळणाला येऊन आपटे. तिथे माझ्या कडेला एक बारीक भेग होती. पाणी तिच्यात शिरले आणि आतून माती नेऊ लागले. मित्रांनो, वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हते. गवत तसेच हिरवे होते. पण माझ्या अंगाखाली एक माणूस बसेल एवढी पोकळी झाली होती, आणि हे फक्त मला ठाऊक होते.

ते दिवस मी कसे काढले ते माझे मलाच माहीत. शेळ्या आल्या, माझ्या कडेवर उभ्या राहून पाला ओरबाडू लागल्या. मी तग धरला. बेबाबाई रानभाजीची पाटी घेऊन गेली आणि आली. तिचे एकेक पाऊल मी मोजत होते. ती वळण ओलांडून गेली की थोडा वेळ बरे वाटे. मग दुसऱ्या दिवसाची धास्ती सुरू होई. दोन ढेकळे आतल्या आत निखळून पोकळीत पडली. तो आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

भादव्यात ऊन पडले. पहिल्याच कोरड्या रविवारी चेलना सायकल घेऊन पाड्यावरून उतरू लागली. त्याच वेळी खालून बेबाबाई बाजाराची पिशवी घेऊन चढत होती. मला दोघीही कळत होत्या. दोघींना एकमेकींची खबर नव्हती. बेबाबाई उंबराच्या वळणावर पोहोचली आणि तिला वरून सायकलची घंटी ऐकू आली. सायकलवाल्यांना जागा द्यायची तिला सवय होती. ती दरीच्या बाजूला सरकून कडेला उभी राहिली.

मी धरून ठेवण्याचा प्रयत्न केला, मित्रांनो. मला हात नाहीत.

कडा खचली. बेबाबाई मातीबरोबर खाली गेली आणि दोन माणसांच्या उंचीइतकी खाली करवंदीच्या जाळीत अडकली. चेलनाने ब्रेक दाबले. तिचे पुढचे चाक तुटलेल्या कडेपासून वीतभर अंतरावर थांबले.

"मावशी!" तिने हाक मारली. दुसऱ्या हाकेला खालून क्षीण आवाज आला, "माले काही व्हयनं नही. फक्त पाय हालत नही."

चेलना मुळे धरत खाली उतरली, तिला पाणी पाजले, आपले जॅकेट तिच्या डोक्याखाली ठेवले. मग सायकल तिथेच टाकून ती पाड्याकडे धावत सुटली. मोबाइलला तिथे रेंज नव्हती.

आबा चार माणसे घेऊन आले. बांबूला चादर बांधून झोळी केली. पाड्यापर्यंतचा चढ झोळीला अवघड होता, नाल्यापाशी गाडी आणता येत होती. म्हणजे बेबाबाईला माझ्यावरूनच खाली न्यावे लागणार होते. सहा वळणे उरली होती. माणसे अनवाणी होती, बोटे रोवून चालत होती. प्रत्येक वळणावर मला वाटे, इथेही मी आतून पोकळ झालेली असेन तर? झोळी एकदा घसरली, सावरली. नाल्यापाशी गाडीचे दार बंद झाल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे माझी धाकधूक थांबली.

बेबाबाई वाचली. धुळ्याला तिच्या मांडीत सळई घातली. चेलना दवाखान्यात आबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दगड काढले तेव्हा मी तिथे होते. मावशींनी विचारलं होतं, तरी मी हो म्हटलं. परत बसवले नाहीत तेही मीच."

आबा एवढेच म्हणाले, "तू माले इचारं नही."

त्यानंतर दोन महिने आबा माझ्याकडे फिरकले नाहीत. चेलनाने माझ्या दोन्ही टोकांना काटेरी फांद्या टाकून मला बंद केले. कार्तिकात ती आणि नीलेश कुदळी घेऊन आले. खचलेल्या कडेला त्यांनी खालून दगड रचले. आठ दगड गवतातून शोधून काढले. सहावा बसवत असताना आबा वरच्या वळणावर येऊन उभे राहिले. आबा हळूहळू खाली आले, दगडावर पाय ठेवून पाहिला आणि चेलनाला म्हणाले, "तिरपा लाव. सीधा लावशी ते पानी थांबी जाई." चेलनाने डोळे पुसले आणि दगड उपटून पुन्हा लावला.

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर जरूर या. पण मी ओली असताना येऊ नका, तुमच्या चाकांचे चर पाण्याला वाट करून देतात. माझा एखादा दगड आडवा आला तर तो कुणी आणि का ठेवला, हे आधी विचारा. मला वेळेवर ओरडून सांगता येत नाही. मी आतून खचत असले तरी वरून हिरवीच दिसते.

बेबाबाई आता पुन्हा बाजाराला जाते. पूर्वी ती गाणे म्हणत, कुठेतरी बघत उतरायची. आता ती आधी काठीने माझी माती ठोकून पाहते, जरा थांबते आणि मगच पाऊल टाकते. अकराही वळणांवर ती असेच करते. मी तिच्या काठीखाली अगदी घट्ट राहते.