पटक्याचे दुसरे टोक

मी एक जुना डाळिंबी पटका आहे. पुण्यात मला सगळे फेटा म्हणतात. म्हणोत बापडे. डोक्याला बांधायचे लांबलचक कापड दिसले की तो फेटा, एवढीच इथली समजूत. पण मित्रांनो, मी ज्या गावचा आहे त्या बालाघाटाच्या डोंगरातल्या गावात मला पटका म्हणत. माझा स्वभाव आधीच सांगून ठेवतो, मी जन्माचा अस्वस्थ. घडी घालून ठेवले की मला मुंग्या येतात, आणि कोणी चुकीचे बांधले की जिवाची घालमेल होते. मध्यंतरी माझ्यावर अशी वेळ आली की रोज कोणीतरी मला चुकीचेच बांधत होते. तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

एका कोष्ट्याच्या मागावर मी विणला गेलो. रंगाऱ्याने मला डाळिंबी रंगात बुडवून काढले आणि हिंमतरावांनी मुलाच्या लग्नासाठी मला बाजारातून आणले. वीसेक हात लांब, तलम सुती कापड. लग्नाच्या सकाळी त्यांनी मला अंगणात उलगडले, आणि तेव्हापासून दर वेळी असेच चाले. एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरे मुक्ताईंच्या, म्हणजे त्यांच्या कारभारणीच्या. मुक्ताई पार तुळशीवृंदावनापाशी उभ्या राहत. त्या तिकडून मला हलकासा पीळ देत आणि हिंमतराव इकडे कानावर टोक दाबून स्वतःभोवती गिरक्या घेत. एकेक गिरकीला मी त्यांच्या डोक्यावर चढत जाई आणि मुक्ताई एकेक पाऊल जवळ येत. शेवटी दोघे समोरासमोर आले की मुक्ताई उरलेले टोक त्यांच्या हातात देत आणि ते डाव्या कानामागे खोचले जाई. या सगळ्या वेळात दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? अरे, त्या काळी पटका हाच माणसाचा पत्ता होता. आमच्या डोंगरात बाभळी फार, वारा फार, म्हणून आमचा पटका घट्ट, पिळाचा आणि डोईवर भारा ठेवता यावा म्हणून वरून चपटा. खाली नदीकाठच्या गावांत तोच ढगळ आणि मोठा, उन्हाला आडोसा व्हावा असा. आठवड्याच्या बाजारात हिंमतराव लांबूनच डोकी बघत आणि पाव्हणा कुठल्या खोऱ्यातला, हे तो तोंड उघडायच्या आधी सांगत. कापड तेच, बाजारही तोच, फरक असे तो बांधण्यात. मला त्याचा फार अभिमान होता, आणि अजून आहे.

वर्षानुवर्षे बाजार, जत्रा, सोयरिकी असे माझे चालले होते. उन्हाने माझा वरचा भाग फिकट गुलाबी झाला, आत दडलेला भाग डाळिंबीच राहिला. एकदा बाभळीत कड फाटली, ती मुक्ताईंनी रफू केली. सुट्टीत पुण्याहून नात यायची, भाग्यश्री. मी अंगणात ताणलेला दिसला की ती माझ्याखालून इकडून तिकडे पळायची. मुक्ताई तिला दटावत, पण टोक जरा उंच धरत. तेवढे मला कळायचे.

मग मुक्ताई गेल्या. हिंमतरावांनी मला पेटीत ठेवले आणि त्यांचे नावही पुन्हा तोंडातून काढले नाही. वर्ष सरायच्या आत त्यांचा उजवा हात लुळा पडला. मुलाने, उत्तरेश्वरने, त्यांना आणि माझ्यासह त्यांच्या पेटीला पुण्याला आणले, बिबवेवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात.

आता गंमत बघा. हा उत्तरेश्वर पुण्यात काय करत होता? फेटे बांधत होता! तरुणपणी कारखान्यात कामाला म्हणून आला, तिथे कोणाच्या तरी लग्नात फेटा बांधायला शिकला आणि आता त्याचे भाड्याने फेटे द्यायचे दुकान होते. कोल्हापुरी सांगा, पेशवाई सांगा, राजस्थानी साफा सांगा, बोलता बोलता बांधून देई. फक्त बापाचा पटका त्याला येत नव्हता. लहानपणी तो पहाटेच तालुक्याच्या शाळेची वाट धरायचा, त्यामुळे त्याने बाप पाहिला तो पटका बांधलेलाच; स्वतःच्या लग्नाच्या सकाळीही तो हळदी-आंघोळीत गुंतलेला. आणि हे आपल्याला येत नाही, हे त्याला ठाऊकसुद्धा नव्हते. त्याने बांधून देतो म्हटले की हिंमतराव म्हणत, हात बरा झाला की माझा मी बांधीन. तोवर ते घरातच बसून राहिले. त्यांच्या पिढीचा माणूस उघड्या डोक्याने चार लोकांत जात नाही.

एके दिवशी सूनबाईंनी, सत्यशीलाने, पेटीला वास येतो म्हणून मला धुऊन खळ दिली. त्याच दिवशी दुकानचे फेटेही गच्चीवर वाळत होते. संध्याकाळी दुकानातला कारागीर कचरू आला आणि दोऱ्यांवरचे सगळेच्या सगळे गोळा करून घेऊन गेला. त्याचा तरी काय दोष? डाळिंबी फेटे दुकानात ढिगाने होते. घरच्यांनी कपाटे पालथी घातली, गादीखाली पाहिले, पण दुकानची गाठोडी सोडायचे कोणालाच सुचले नाही.

आणि माझी वरात निघाली, मित्रांनो. सोमवारी एका मारवाडी लग्नात साफा होऊन माझे शेपूट कोणाच्या तरी पाठीवर लोळत होते. पुढे एका कंपनीत ट्रॅडिशनल डे होता. तिथे अभिनव नावाच्या मुलाच्या डोक्यावर मी कोल्हापुरी झालो, वर भलामोठा तुरा. तो मुलगा दर पाच मिनिटांनी मला काढून टेबलावर ठेवी आणि फोटोपुरता टोपीसारखा परत चढवी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तर कहर झाला. कार्यक्रम होता भारताचे पोशाख. एका राज्याला एक मूल, एका मुलाला एक पोशाख. सकाळच्या प्रयोगात मी राजस्थान होतो, दुपारच्या प्रयोगात पंजाब. महाराष्ट्राला हिरवी नऊवारी आणि नथ मिळाली होती, तिथे माझी गरज नव्हती. एवढ्या मोठ्या महाराष्ट्राचे काम एका नऊवारीत उरकले, यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. मी मात्र रोज नव्या घड्यांत कोंबला जात होतो आणि रोज आतून उसवत होतो. खळीमुळे मी कडक दिसे, एवढेच.

इकडे भाग्यश्रीचे लग्न ठरले, शनिवार पेठेतल्या आमोदशी. घरात आनंदीआनंद झाला. फक्त हिंमतरावांनी सरळ सांगून टाकले.

"उघड्या डोस्क्यानं मी नातीच्या लग्नाला येत न्हाई. आन् भाड्याचा फेटा घालून तर न्हाईच न्हाई."

सत्यशीलाने पांढरी टोपी आणली, ती त्यांनी उशाखाली सारली. भाग्यश्रीने नवा रेशमी फेटा आणला. त्यांनी तो हातात घेऊन पाहिला, चांगला हाय म्हणाले आणि घडी करून तिला परत दिला. पोरीचे डोळे भरून आले. ज्या आजोबांच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, त्यांच्याशिवाय तिला बोहल्यावर उभे राहायचे नव्हते.

लग्नाआधी काही दिवस उत्तरेश्वर फेट्यांचे नमुने घेऊन शनिवार पेठेत गेला. नवऱ्या मुलाचे वडील शरच्चंद्र, निवृत्त शिक्षक. माणूस मनाने चांगला, पण बोलणे असे की समोरच्याला आपण हसावे की माफी मागावी ते कळत नाही. उत्तरेश्वरने बोलता बोलता गाठोड्यातला एक फेटा ओढला आणि त्यांच्या डोक्याला कोल्हापुरी बांधला. तो मीच होतो. शरच्चंद्रांनी आरशात पाहिले. कपाळावर एक गुलाबी ठिगळ, कानावर डाळिंबी, तुरा अर्धा असा नि अर्धा तसा.

"अहो उत्तरेश्वरराव," ते म्हणाले, "हा फेटा आहे की नकाशा? आपला जिल्हा तेवढा बोट ठेवून दाखवा."

उत्तरेश्वर हसायला गेला आणि हसता हसता थांबला. इतक्या दिवसांत त्याने मला पहिल्यांदाच नीट पाहिले. असा उडालेला रंग भाड्याच्या फेट्याचा नसतो. त्याने मला हळूच उतरवले, कडेला मुक्ताईंनी घातलेला रफू शोधला आणि तिथल्या तिथे खाली बसला. शरच्चंद्रांनी मुकाट्याने पाण्याचा पेला आणून दिला.

मी घरी आलो. हिंमतरावांनी मला डाव्या हाताने छातीशी धरले, तेव्हा माझ्या वीसच्या वीस हातांत कुठे म्हणून कळ राहिली नाही. वाटले, संपला वनवास. कसला संपतो! लग्नाच्या दिवशी सकाळी उत्तरेश्वरने बापाला गिऱ्हाइकासारखे खुर्चीत बसवले आणि मला बांधायला घेतले. बांधला झकास. हिंमतरावांनी डावा हात वर नेला, मला चाचपले आणि मान हलवली.

"ह्यो आपला न्हाई."

त्याने सोडला, पुन्हा बांधला. पीळ देऊन पाहिला, न देता पाहिला. दर वेळी माझी ठिगळे वेड्यावाकड्या जागी निघत आणि दर वेळी ती मान हले. कार्यालयात जायची गाडी खाली येऊन उभी होती. शेवटी उत्तरेश्वर जमिनीवर बसला. अख्ख्या पुण्याच्या डोक्यांना फेटे बांधतो आणि बापाच्या डोक्याला जमत नाही, असे पुटपुटला. मग त्याने विचारले, "आबा, तुम्हीच सांगा की, कसा बांधायचा?"

"हाताला ठावं हाय," हिंमतराव म्हणाले. "तोंडाला न्हाई."

मी किती तडफडलो म्हणून सांगू! अरे, खुर्ची काढा, मला उलगडा, कोणीतरी माझे दुसरे टोक धरा! पण कापडाला वाचा कुठली? आणि हिंमतरावांनी सांगायचे म्हटले तरी मुक्ताईंचे नाव घेतल्यावाचून ते सांगता येत नव्हते. ते खिडकीकडे बघत राहिले. तुम्ही जाऊन या, माझा आशीर्वाद हाय, असे म्हणाले.

भाग्यश्री मुंडावळ्या बांधून दारात आली होती. ती माझ्याकडे बघत होती. मी खुर्चीपासून दारापर्यंत लांबच लांब पसरलो होतो.

"बाबा, मी याच्याखालून पळायचे," ती म्हणाली.

उत्तरेश्वरला काही कळेना.

"अंगणात. लहान असताना. हा हवेत असायचा, ताणलेला, आणि मी खालून पळायचे. म्हणजे दुसरीकडून कोणीतरी धरलेला असणार ना?" मग तिचा आवाज उतरला. "आजोबा, आजी धरायची?"

हिंमतरावांनी खिडकीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिले.

"मुक्ता धरायची," ते म्हणाले.

किती दिवसांनी ते नाव त्या तोंडून ऐकले! उत्तरेश्वर उठला, त्याने खुर्ची बाजूला केली आणि माझे टोक धरून मागे मागे सरकू लागला. बिबवेवाडीतली ती खोली केवढीशी! त्याने दार उघडले आणि तो बाहेर जिन्याच्या चौकात गेला, तरी मी पुरता ताणला जाईना. शेवटी समोरच्या शेजाऱ्यांनी आपले दार उघडले आणि तो त्यांच्या चपलांच्या कपाटाला पाठ लावून उभा राहिला. आत हिंमतराव उठून उभे राहिले, पाठीशी सत्यशीला आधाराला. त्यांनी डाव्या हाताने टोक कानावर दाबले आणि पहिली गिरकी घेतली. हळू, अडखळत. मग दुसरी. उत्तरेश्वरच्या हातांनी आपसूक पीळ दिला. हातांवरची नजर काढून तो आता बापाच्या पायांकडे बघत होता. गिरकीमागून गिरकी होत गेली आणि तो एकेक पाऊल जवळ येत गेला, शेजाऱ्यांच्या दारातून जिन्याकडे, जिन्यावरून उंबऱ्यात, उंबऱ्यातून आत.

मित्रांनो, माझी प्रत्येक जागा मला ओळखीची लागत होती. आतला भाग आत गेला, वरचा वर आला. डाळिंबी सगळा लपला आणि उन्हाने फिकटलेला गुलाबी तेवढा बाहेर राहिला. कुठे ठिगळ म्हणून दिसत नव्हते. मी पुन्हा सगळा एका रंगाचा झालो होतो.

बाप-लेक समोरासमोर आले. उरलेले टोक उत्तरेश्वरने त्यांच्या डाव्या हातात दिले. त्यांनी ते कानामागे खोचले, मला चाचपले आणि या वेळी मान हलली नाही. उत्तरेश्वर एवढा बाप्या माणूस, पण त्यांच्या खांद्यावर डोके टेकून रडला. सत्यशीलाने दोघांनाही गाडीची आठवण करून दिली.

कार्यालयात पन्नास जण एकसारख्या फेट्यांत होते आणि त्यांच्यात आम्ही दोघे. शरच्चंद्रांनी चष्मा वर करून मला न्याहाळले आणि हा कुठून घेतलात म्हणून विचारले. उत्तरेश्वर म्हणाला, तोच नकाशा. थोड्या वेळाने शरच्चंद्र हिंमतरावांच्या शेजारी येऊन बसले आणि आपल्या आजोबांची पगडी आज घरी कोणालाच नीट घालता येत नाही, असे हळूच सांगून गेले.

हल्ली माझी जागा बिबवेवाडीतल्या घरी दाराजवळच्या खुंटीवर आहे. हिंमतराव आता रोज खाली बागेत जातात, त्यामुळे मलाही रोज काम आहे. अस्वस्थपणा अजून गेलेला नाही. सकाळ झाली की मी वळवळतोच, पण ती वाट पाहण्याची वळवळ आहे. तुमच्या घरीही कोणाचा पटका, कोणाचे लुगडे, कोणाचा रुमाल असेल. तो नुसता डांबराच्या गोळ्या घालून जपू नका. कसा बांधायचा, कसा नेसायचा ते त्यांचे हात चालत आहेत तोवर विचारून घ्या, आणि विचारून कळले नाही तर पलीकडे जाऊन दुसरे टोक धरा. कधी आमच्या बाजूला आलात आणि सकाळच्या वेळी जिन्यात मी आडवा ताणलेला दिसलो, तर मोठ्यांनी जरा थांबावे. लहानांनी खुशाल खालून पळावे, उत्तरेश्वर टोक उंच धरतो.