हवाबंद खोकं

धाकट्या दिरानं सबवूफर स्पीकरचं खोकं घरीच करायला घेतलं, तेव्हा सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. फक्त वहिनीनं नाही. ती घरून केक करून विकायची. हातानं केलेल्या वस्तूची चेष्टा तिला खपत नसे.

जाड फळ्या कापल्या, सरस लावला, स्क्रू पिळले, पुढच्या भोकात स्पीकर बसवला. गाणं लावलं, तर ढोलाच्या ठोक्यागणिक आतून फुस्स, फुस्स!

"सायकलमध्ये हवा भरतोयस की काय?" थोरला भाऊ खो खो हसला.

दीर चिडून बाहेरूनच सरस थापायला लागला.

"थांबा भावोजी," वहिनी म्हणाली. "आधी हवा गळतेय कुठून ते तर बघू."

तिनं मेणबत्ती पेटवली आणि गाणं चालू ठेवून सांध्यासांध्याशी धरली. मागच्या खालच्या कोपऱ्यात ज्योत थरथरली. वायर बाहेर येते तिथं तर विझलीच.

"सापडले चोर! काढा स्पीकर. आतून भरू."

दिरानं फटी बुजवायच्या सिलिकॉनची बंदूक दाबली. धार गांडुळासारखी वळवळत भलतीकडेच गेली.

"द्या इकडे. रोज क्रीमची नक्षी काढते मी." तिनं भोकातून हात घातला आणि एका दमात सगळे सांधे भरले. मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून धार गुळगुळीत केली. वायरचं भोकही बुजवलं. घरभर व्हिनेगरसारखा वास सुटला.

"आता लावू?"

"उद्या. गरम केकवर क्रीम फासलं तर काय होतं, माहितेय ना?"

दुसऱ्या दिवशी स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावून त्यांनी तो घट्ट आवळला. वहिनीनं चार बोटांनी स्पीकरचा पडदा अलगद आत दाबून सोडला. तो सावकाश, जडपणे बाहेर आला.

"जमलं. हवा कुठूनच निसटत नाहीये."

"गाणं न लावताच?"

"लावा की! भितंय कोण?"

ठोका पडला आणि फरशीतून थेट पोटात शिरला. फुस्स नाही, खरखर नाही. दिरानं आनंदानं टाळीच दिली. वहिनीच्या हातावर अजून सिलिकॉन चिकटलेलं होतं.

थोरला स्वयंपाकघरातून धावत आला. "अरे, कपाटातल्या वाट्या नाचतायत!"

"कमी करू का?" दिरानं विचारलं.

"छे! वाट्या मी काढून ठेवतो," म्हणत तो परत आत पळाला. "तू वाढव आवाज."