हिरव्या धरणावरचा क्लोरिन-पंप

मित्रांनो, ज्याची उभ्या गावाने स्तुती केली आणि ती स्तुती आठवली की आज ज्याला मान वर करवत नाही, असा मी एक जुना क्लोरिन-पंप आहे. ब्राझीलच्या कोरड्या मुलखातल्या पोसो दो उम्बू गावच्या धरणाला लागून एक पाणीघर आहे, तिथे माझा मुक्काम. मी आकाराने कोंबडीच्या खुराड्याएवढा आहे. माझ्या पोटात एक रबरी पडदा आहे. तो मागेपुढे हलला की शेजारच्या पिंपातले क्लोरिन थोडे थोडे करून मोठ्या नळात उतरते. माझ्या कपाळावर एक गोल बटण आहे. ते उजवीकडे फिरवले की क्लोरिन जास्त, डावीकडे फिरवले की कमी. एवढेच माझे शरीर आणि एवढीच माझी अक्कल.

दक्षिणेकडच्या एका मोठ्या शहरातल्या कारखान्यात मी जन्मलो आणि खोक्यात बसून, ट्रकमधून धूळ खात इथवर आलो. खोके उघडले तेव्हा मला पहिला चेहरा दिसला तो ओस्मुंदोचा. तो पाणीघराचा माणूस होता. तेव्हा तो नुसता ओस्मुंदो होता. 'सेउ ओस्मुंदो' असे त्याला लोक पुढे वयाचा मान ठेवून म्हणू लागले.

मी येण्याआधी या गावात दर उन्हाळ्यात जुलाबाची साथ येई आणि सुतार लहान लहान निळ्या शवपेट्या करी. मी कामाला लागलो आणि हळूहळू त्या पेट्या बंद झाल्या. मग काय विचारता! बायकांनी सणाला माझ्या गळ्यात रंगीत कागदांची माळ घातली. पाद्रीबाबांनी माझ्यावर तीर्थ शिंपडले तेव्हा ओस्मुंदो म्हणाला, "फादर, त्याला काय तीर्थ शिंपडताय? तुमचं तीर्थ त्याच्याच नळातनं आलंय." सगळे खो खो हसले. मी लोखंडाचा असूनही फुगलो.

पुढे धरणात माशांचे पिंजरे आले. मासे पाळायचे, खाद्य टाकायचे आणि वाढले की शहरात विकायचे. अर्ध्या गावाचे त्यावर भले झाले. छपरे नवी झाली, घरोघरी संडास आले आणि त्यांचे गटार मुकाट्याने धरणाला जाऊन मिळाले. माशांनी न खाल्लेले खाद्य, माशांची विष्ठा, माणसांची घाण, सगळे त्या एका पाण्यात. शेवाळाला असे खत मिळाल्यावर ते कशाला मागे राहते? त्यात पाऊस रुसला आणि धरण आटत चालले. उरलेल्या पाण्यावर हिरवी साय धरू लागली आणि चिखलाचा वास येऊ लागला.

लोक कुरकुरले की ओस्मुंदो माझे बटण उजवीकडे फिरवी. पुन्हा कुरकुरले की आणखी उजवीकडे. मग नळाला माझा झणझणीत वास येई आणि लोकांचे समाधान होई. "वास येतोय ना? म्हणजे पाणी शुद्ध," असे ओस्मुंदो ऐटीत सांगे. मलाही ते खरे वाटे. मला बसवले होते अगदी तोंडाशी, वाळूच्या गाळणीच्याही आधी. सगळे हिरवे पाणी आधी माझ्याकडे येई आणि मी त्यावर तुटून पडे. शेवाळ मरे. पण मेल्यावर त्याच्या अंगातला रस आणि माझे क्लोरिन मिळून तिसरेच काही तयार होते, हे मला कुणी सांगितले नव्हते.

ते सांगितले लिंडाल्वाने. ती सरकारी प्रयोगशाळेतली बाई. पहिल्यांदा आली तेव्हा हसत हसत बाटल्या भरून घेऊन गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा हसली नाही.

"सेउ ओस्मुंदो, जरा बसा," ती म्हणाली.

"बसून ऐकायचं म्हणजे वाईटच असणार. बोला."

तिने सांगितले. त्या पदार्थांचे नाव लांबलचक होते, ट्रायहॅलोमिथेन. ते दिसत नाहीत. असावेत त्याच्या कितीतरी पट जास्त ते आपल्या नळाला सापडले होते.

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना विष पाजलं?"

"तसं नाही. क्लोरिन बंद केलंत तर महिन्याभरात पोरं जुलाबानं जातील. त्याला बंद करायचंच नाही. पण त्याची जागा चुकलीय. आधी शेवाळ गाळून काढा, मग याला काम द्या, तेही बेताचं. आणि धरणाला खाऊ घालणं थांबवा. हे पाणी एका दिवसात कुणाला मारत नाही, पण वर्षानुवर्षं पोटात जाणं बरं नव्हे. आणि खरं सांगू? घरात पोटुशी बाई असती, तर मी तरी तिला हे पाणी दिलं नसतं."

ओस्मुंदोने माझ्यावर हात टेकला. त्याची एकुलती एक मुलगी जिल्देते बऱ्याच नवसांनी पोटुशी राहिली होती.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचा साहेब येऊन गेला. तो म्हणाला, "गावभर बोंब नको. साव जुआंवचा सण तोंडावर आलाय. पाहुणे येतील, मासे खपतील. सण होऊ दे, मग बघू." ओस्मुंदोने मान डोलावली. मित्रांनो, मी ती मान डोलताना पाहिली. आणि मी आधीसारखाच पडदा हलवत राहिलो.

पाणीघराच्या शेजारी डोना जेर्सिनाचे, म्हणजे जेर्सिनाबाईचे, घर आहे. तिच्या अंगणात छपरावरचे पावसाचे पाणी साठवायची पांढरी गोल टाकी आहे. दुपारच्या उन्हात गल्ली ओस पडली की ओस्मुंदो एक कॅन घेऊन तिच्याकडे जाऊ लागला. भरलेला कॅन तो माझ्या पिंपामागे दडवी आणि संध्याकाळी 'पाणीघरातलं ताजं पाणी' म्हणून लेकीकडे नेई. "पावसाच्या पाण्याची कॉफी झक्क होते, लेकीला तीच लागते," असे त्याने जेर्सिनाला सांगितले होते. गाव मात्र माझ्या नळाचे पाणी पीत होते.

एके दिवशी जिल्देते बापासाठी जेवण घेऊन आली. मक्याचा कुस्कुस आणि बकऱ्याचे मटण. तिच्यामागून जेर्सिना हसत आत शिरली.

"काय गं, किती कॉफी ढोसतेस? तुझा बाप माझी टाकी रिकामी करायला निघालाय!"

"मी? मी तर कॉफी सोडलीय, मावशी. वासानंच मळमळतं."

दोघींनी ओस्मुंदोकडे पाहिले. त्याने जेवणाच्या डब्याकडे पाहिले. माझ्या पडद्याची टकटक चालूच होती. ती टकटक मला कशीही करून थांबवायची होती. पण थांबणे माझ्या हातात नाही.

"बाबा, मी पितेय ते पाणी नळाचं नाही?"

मग त्याने सगळे सांगितले. लिंडाल्वाचे, साहेबाचे, सणाचे.

"आणि रोसिल्दा?" जिल्देतेने विचारले. रोसिल्दा खालच्या गल्लीतली तिची मैत्रीण. "तिला माझ्याआधी दिवस गेलेत. तिला कोण नेऊन देतंय टाकीचं पाणी?"

"पोरी, मला लेकरू एकच आहे."

"तिच्या आईलाही एकच आहे, बाबा."

आमच्या मुलखात पाणी सांडणे पाप आहे. जिल्देतेने ते सांडले नाही. तिने पिंपामागचा कॅन ओढला, पण तिच्याने तो उचलवेना. जेर्सिनाने तो तिच्या हातून घेतला.

"सोड गं, मी नेते रोसिल्दाकडे. आणि तू पण चल, ओस्मुंदो. हे पाणी कशाला आणलंय, ते तिला तूच सांग."

'सेउ' नाही, नुसते 'ओस्मुंदो.' त्याने टोपी काढली आणि तिच्यामागून निघाला.

तो दारोदार गेला. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी दार लावून घेतले. पिंजरेवाले म्हणाले, "आता आमच्या माशांना कुत्रं तरी विचारील का?" दुसऱ्या दिवशी दहा-बारा जण पाणीघरात घुसले. एकाच्या हातात मोठा पाना होता. "मोडून टाका ते यंत्र!"

ओस्मुंदो माझ्यापुढे आडवा झाला. "मला मारा हवं तर. गप्प मी राहिलो, हा नाही. हा बंद पडला तर उद्या तुमचीच पोरं दगावतील."

पानेवाला थबकला. शेवटी पाना खाली टाकून निघून गेला. मित्रांनो, माळ घातली होती त्या दिवशी मी फुगलो होतो. कुणीतरी आपल्यासाठी आडवे झाले त्या दिवशी मात्र मला वितळून जावेसे वाटले.

नंतर लिंडाल्वा माणसे घेऊन आली. माझे बोल्ट सोडले, मला उचलले आणि गाळणीच्या मागच्या बाजूला, अंधाऱ्या कोपऱ्यात बसवले. बटण बरेच डावीकडे आले. गावातल्या गरोदर बायकांना टाक्यांचे पाणी वाटून दिले गेले. भांडणतंटे होऊन निम्मे पिंजरे निघाले. गटारासाठी गावाबाहेर खड्डे खणले. सण झाला, पण पाहुणे थोडेच आले.

जिल्देतेला धडधाकट मुलगी झाली. रोसिल्दाला मुलगा झाला, फार लहानसा, अशक्त. तो जगला. आता शाळेत जातो, पण त्याला धावताना धाप लागते. त्याचे कारण ते पाणीच होते की आणखी काही, हे कुणालाच सांगता आले नाही, लिंडाल्वालासुद्धा नाही. 'नाही' असेही कुणी म्हणू शकले नाही. ते पोर पाणीघरापाशी खेळायला आले की म्हातारा ओस्मुंदो काहीतरी शोधत असल्यासारखा माझ्या कोपऱ्यात येऊन उभा राहतो. आम्ही दोघेही खिडकीकडे पाहत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला मोडू नका, बंदही पाडू नका. त्याच्यावाचून निळ्या पेट्या परत येतील. पण तळ्यात घाण सोडताना, शेतातले खत नदीत वाहू देताना, 'पुढे तो बसलाय ना' असे म्हणू नका. आम्ही जंतू मारू शकतो, घाण पुसू शकत नाही. तुम्ही जितके जास्त आमच्यावर सोडाल, तितके आमच्या हातून वाईटही होईल, आणि ते तुम्हाला दिसणारही नाही. पाणी आमच्यापर्यंत येण्याआधीच त्याला जपा. आम्हाला अगदी थोडे काम द्या. रिकामे बसायची मला लाज वाटत नाही.