पडद्याआडचं माप

ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणं आपल्यापैकी किती जणांना जमतं? खरं सांगा! दारू-जुगाराविरुद्ध आपण तावातावाने बोलतो. पण दुसऱ्याचं गुपित कळल्यावर जिभेला जी खाज सुटते, तिला मोह म्हणायला आपण तयार नसतो. सुईमावशीही नव्हती.

गळ्यात टेप आणि छातीशी दोऱ्यासकट खोचलेली सुई, अशाच अवतारात ती बाजारात जायची, एकदा तर चर्चमध्येही जाऊन बसली होती. तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. एका कोपऱ्यात शिलाई मशीन, दुसऱ्यात जाड पडदा. कोण सुटलंय, कोण खंगलंय, कोणाला दिवस गेलेत, हे त्या पडद्याआड तिच्या टेपला घरच्यांच्याही आधी कळायचं. तिथलं बोलणं तिने कधी बाहेर काढलं नव्हतं आणि त्याचा तिला अभिमान होता.

एका दुपारी शाळेतल्या बाई आल्या. या बाई चर्चच्या गायकमंडळात गायच्या. पडद्याआड गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"मावशी, माझं ऑपरेशन झालं. छातीची एक बाजू काढावी लागली. ड्रेसला आतून अशी गादी लावा, की कोणाला कळणार नाही. आईला तर मुळीच नाही. तिला वाटतंय, मी शाळेच्या प्रशिक्षणाला गेले होते."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "निर्धास्त राहा, बाई. या पडद्याबाहेर शब्द जाणार नाही."

आणि ती हे अगदी मनापासून म्हणाली होती. कापूस पिंजून, अस्तर दोनदा उसवून तिने तो ड्रेस शिवायला घेतला.

त्याच आठवड्यात चर्चच्या बाजूच्या खोलीत बायकांची प्रार्थनासभा होती. कोणासाठी प्रार्थना करायची, हे तिथे प्रत्येकीने आळीपाळीने सांगायचं. मावशीचा विषय ठरलेला, तिचा गुडघा. तिने तोंड उघडायच्या आत बायका माना डोलवून मोकळ्या व्हायच्या, एखादी जांभई द्यायची. त्या दिवशीही गुडघा तिच्या ओठांवर आला होता. पण ती बोलली भलतंच.

"आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करू या. नाव सांगत नाही. मोठं ऑपरेशन झालंय, बाईमाणसाचं."

सगळ्या माना वर झाल्या. "आपल्यातलीच का गं?"

"गाणाऱ्यांतली. घरी म्हाताऱ्या आईलाही पत्ता नाही बिचारीच्या."

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. मावशीसाठी एवढ्या बायका एवढ्या गप्प कधी झाल्या नव्हत्या. तिला ते गोड वाटलं आणि त्या गोडव्यालाच ती दया समजली. दया नव्हती असं नाही, म्हणून तर तिला आपली चूक कळली नाही.

गाणाऱ्यांत म्हातारी आई असलेली बाई एकच होती. रविवारी उपासना सुटल्यावर एका भल्या बाईने त्या आजींचे हात हातात घेतले. "आजी, धीर सोडू नका. तुमच्या मुलीसाठी आम्ही सगळ्या प्रार्थना करतोय."

"कशासाठी?" आजींनी विचारलं.

त्यानंतर बाई गायला आल्या नाहीत. ड्रेसही न्यायला आल्या नाहीत. तो खुंटीवर लटकत राहिला आणि मावशीचं मशीनवर लक्ष लागेना. शेवटी तिने खिडकीशी बसून बटणं लावणाऱ्या सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून आपलंच पाप तिला मोठ्याने सांगावं लागलं.

"पण मी वाईट काही बोलले नाही हो! प्रार्थनाच तर मागितली!"

"देवाकडे मागितलीस, की बायकांकडे?"

"सगळ्यांनी मिळून मागितलं तर बिघडलं कुठे?"

"मिळून मागावं की! पण जिचं दुखणं तिला विचारून. अगं, ऐकू मला कमी येतं, देवाला नाही. 'गाणाऱ्यांतली' अशी खूण सांगितल्याशिवाय त्याला माणूस सापडत नव्हता होय?" सासूबाईंनी दोरा तोडला. "त्या दिवशी गुडघ्याचं का नाही सांगितलंस?"

"गुडघ्याचं कोणी ऐकत नाही," मावशीच्या तोंडून निघून गेलं.

आणि तिचं तिलाच ऐकू आलं! चार माणसांनी आपल्याकडे बघावं, एवढ्यासाठी तिने एका बाईचं दुखणं उघडं केलं होतं!

"मोह काय शिंगं लावून येतो, पोरी?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "चर्चमध्ये यायचं तर तो हात जोडून, डोळे मिटून येतो."

मावशी ड्रेस घेऊन बाईंच्या दारात गेली. "बाई, चुकले मी. प्रार्थनेचं नाव पुढे केलं. खरं तर बायकांनी माझं ऐकावं म्हणून बोलले."

आतून आजींचा आवाज आला, "कोण आलंय? उभी राहू नकोस गं, बस आधी!"

"ऐकलंत? दिवसभर हेच चालतं," बाई म्हणाल्या. "रात्री उठून माझा श्वास बघते. दवाखान्यात मी पेशंट होतेच, मावशी. घरात नव्हते. तेवढी तरी जागा उरली होती."

मावशीने ड्रेस पुढे केला. बाईंनी अस्तरावरून बोट फिरवलं. "काम सुरेख झालंय. मी क्षमा करायला शिकतेय, अजून जमलेलं नाही. प्रार्थना करत असाल, तर दार लावून करा." आणि त्यांनी दार हळूच लोटून घेतलं. पुढे त्या दुसरीकडे कपडे शिवू लागल्या.

पुढच्या सभेत एकीने विचारलंच, "मावशी, त्या बहिणीचं पुढे काय झालं?" पुन्हा सगळ्या माना वर! मावशीच्या जिभेला तीच ओळखीची खाज सुटली. प्रभू, आता तूच धर मला, ती मनात म्हणाली.

"माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा," ती उघड म्हणाली. माना खाली गेल्या. कोणीतरी जांभई दिली.

वाचकहो, मोहात पडू देऊ नको असं आपण देवाला रोज विनवतो, ते मोठ्या पापांच्या धाकाने. पण आपला तोल जातो तो अशा लहान जागी, चांगल्या शब्दांच्या आडोशाला. दुसऱ्याचं दुःख आपल्याकडे ठेवायला दिलेलं असतं, वाटायला नाही. आणि एकदा बाहेर गेलेला शब्द पश्चात्तापानेही परत येत नाही.

त्या संध्याकाळी मावशीने बाईंसाठी नाव घेऊन प्रार्थना केली. त्याआधी तिने दार लावलं.