तिसऱ्या रांगेतला पंखा

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढा एक काळा, जुना पंखा तुमच्याशी बोलतो आहे. कारखान्यात तयार झाल्यावर मला एका संगणकात बसवलं आणि परभणीतल्या एका हवामान केंद्रात आणलं. तिथे तीन रांगांत शेकडो संगणक होते. गावोगावच्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पावसाचे, गारपिटीचे इशारे पाठवायचं काम आमच्या तिसऱ्या रांगेकडे होतं. संगणक तापला की मी जोरात फिरायचो, निवला की सावकाश. पाच वर्षं मी असा फिरलो. माझं कौतुक कुणी केलं नाही, मलाही त्याची खंत नव्हती.

एका फेब्रुवारीत मला रोज थोडं जास्त जोरात फिरावं लागू लागलं. रांगेतल्या सगळ्याच पंख्यांचं तसं झालं. का, ते आम्हाला कळेना. संगणकांचं तापमान मात्र आम्ही वाढू दिलं नाही. त्यामुळे संगणकांवरचे सगळे दिवे हिरवेच राहिले.

केंद्राची यंत्रणा सांभाळणाऱ्या सुकेशनीताईंनी एका सकाळी तिन्ही रांगांतल्या पंख्यांचे वेग शेजारी शेजारी मांडून पाहिले. मग त्यांनी वीजतंत्री बन्सीधरकाकांना बोलावलं.

काका म्हणाले, "ताई, समदे दिवे हिरवे हायत. उगं कशाला डोकं लावायलात?"

"काका, तापमान आठ दिवसांपूर्वी होतं तेवढंच आहे. मग या एकाच रांगेतले पंखे दीडपट वेगानं का फिरायलेत?"

काकांनी एसीकडून माझ्याकडे येणाऱ्या हवेत हात धरला. "हवा कोमट लागायलीय की! थांबा, गच्चीवर एसी बघून येतो."

ते परतले तेव्हा त्यांच्या मुठीत कापसाच्या तुसाचा बोळा होता. शेजारच्या जिनिंगमधून, म्हणजे कापसाची सरकी काढणाऱ्या गिरणीतून, उडालेलं तूस आमच्या रांगेच्या एसीच्या बाहेरच्या जाळीवर गोधडीसारखं बसलं होतं.

"अजून दोन दिवस गेले असते, तर पंखेही पुरे पडले नसते," ताई म्हणाल्या. "अख्खी रांग बंद पडली असती."

काकांनी लगेच जाळी धुतली. दुपारपर्यंत माझा वेग उतरला आणि मला हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी गारपिटीचा इशारा आला. आमच्या रांगेनं तो वेळेत पोचवला. संध्याकाळी झरी गावाहून नर्मदाबाई नावाच्या शेतकरीण बाईंचा फोन आला. "हळद वाळायला घातली होती बगा. गारा पडायच्या आत समदी झाकली!"

त्या आठ दिवसांनी माझं बेअरिंग झिजलं. पुढे त्यातून बारीक खरखर येऊ लागली आणि मी थांबण्याआधीच ताईंनी मला काढून नवा पंखा बसवला.

मित्रांनो, थांबलेल्याकडे सगळेच धावतात. तुमच्या घरातही कुणी तक्रार न करता नेहमीपेक्षा जास्त राबत असेल. सगळं सुरळीत दिसत असलं, तरी जवळ जा आणि एकदा विचारा, "एवढं का पळायलात?"