भिंतीवरचा लेक

नवा सम्राट गादीवर आला आणि आठवड्याभरात राजवाड्याचा अधिकारी आमच्या चर्चमध्ये हजर झाला. तिथल्या भिंतीवर जुना सम्राट गुडघे टेकून मरियामातेला ते चर्च अर्पण करताना दाखवला होता. बारीक काचेच्या तुकड्यांचं ते काम माझे गुरुजी अँथिमोस यांच्या हातचं.

"अंगरखा राहू दे, मुकुट राहू दे. तोंड तेवढं नव्या सम्राटाचं करा," अधिकारी म्हणाला.

"ज्यानं चर्च बांधलं त्याचं तोंड आहे ते. ह्यानं एक वीट तरी दिलीय का?" असं म्हणून गुरुजी हत्यारं आवरून घरी गेले.

मी नाही गेलो. कॉन्स्टँटिनोपलमध्ये राजाश्रयावाचून आमच्यासारख्या कारागिराला विचारतो कोण? मी परांची बांधली, पडदा लावला.

मेलानी नावाची म्हातारी जोगीण रोज सकाळी तिथं प्रार्थनेला यायची. सगळे तिला माई म्हणत. माई जुन्या सम्राटाच्या आई. गादी बळकावताना नव्या सम्राटानं त्याचे डोळे काढून त्याला बेटावर धाडलं होतं, तिथंच तो गेला. आता भिंतीवर होता तेवढाच.

"पडदा कशाला रे?" माईंनी विचारलं.

"ओल आलीय, माई. तुकडे सुटताहेत. डागडुजी करतोय."

"नाकाजवळ जपून हो. नाक अगदी त्याचंच उतरलंय."

त्या गेल्या आणि मी छिन्नी लावली. पहिल्यांदा नाकच उडवलं.

रोज त्या खालून विचारायच्या, "झालं का रे?" मी वरूनच "होतंय, होतंय" म्हणायचो. चौथ्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं.

काम पाहून सम्राट खूश झाला. मला रेशमी अंगरखा मिळाला. तो मिरवत मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी 'बस' म्हटलं नाही.

"माईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथं काय करतोयस?"

दुसऱ्या दिवशी माई भिंतीकडे पाठ करून बसल्या होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"माई, ओल नव्हती."

"ठाऊक आहे. झाडूवालीनं केरातले तुकडे आणून दाखवले. बुबुळाचा तुकडा ओळखला मी."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

"खोटं बोलताना तुझा आवाज कापत होता. म्हटलं, उगाच दचकेल, परांचीवरून पाय सरकेल. तूही कुणाचा तरी लेकच."

मला मान वर करवेना. त्या चर्चमध्ये मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. राजवाड्याची कामं मात्र करत राहिलो.